शेगडीमागचे ताजे शिंतोडे

बाबा,

मी क्लासला चालले आहे. काल स्प्रे मारून, हात दुखेपर्यंत घासून मी शेगडीमागच्या टाइल्स लख्ख केल्या होत्या. आज त्यांच्यावर ताज्या तेलाचे शिंतोडे आहेत. शेगडी छान पुसलीस, मान वर करून बघायचं तेवढं राहिलं.

आई दिवसभर ऑफिसात आहे, मांजराला तळता येत नाही आणि तुझ्या अटॅकनंतर डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ते तुला, मला नाही. मग कोण राहिलं?

आईला अजून सांगितलं नाहीये. स्प्रे सिंकखाली आहे. मारल्यावर थोडं थांब, मग ओल्या फडक्याने पूस. खिडकी उघडी ठेव, त्या वासाने तुला धाप लागते.

उद्या तपासणीला मीच सोबत येणार. डॉक्टरांनी "पथ्य पाळता ना?" विचारलं की तू गप्प बसायचंस, उत्तर मी देईन.

— तुझी ठमाबाई