बोंबीलबंदीच्या काळातलं माझं ग्रंथालय

मी, सुलेखा गुप्ते, माहेरची ताम्हाणे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त हिशेबतपासनीस, राहणार बुओना व्हिस्टा, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आणून दाखवावं, एवढी कोणाची छाती नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत; ती रागात लिहिली होती.

१. माझा फ्लॅट व बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मैत्रेयी हिला मिळावी. प्राप्तिकराची एक कपर्दिकही बाकी नाही. शिकागोचा गँगस्टर अल कपोन याच्यावर खुनाचा आरोप कधी सिद्ध झाला नाही. शेवटी त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली ती कर चुकवला म्हणून. त्याला आमच्या पेशातल्या लोकांनी आकडे जुळवून आत घातलं, हे मैत्रेयीला कळायला लागल्यापासून सांगते आहे आणि ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत “आई, अगेन आह?” एवढंच म्हणते.

२. बाल्कनीतली ऑर्किडं शेजारीण विनीता हिला द्यावीत. शिकागोतला डीन ओबॅनियन हा गुंड फुलांचं दुकान चालवायचा. गिऱ्हाईक म्हणून आलेल्यांनी हात मिळवता मिळवता त्याला तिथंच उडवला. तेव्हा विनीतानं कुंड्यांपाशी उगाच कोणाशी शेकहँड करू नये. माझ्या मनीप्लांटच्या फांद्या न विचारता कोण नेतं, हे मला ठाऊक आहे. तरीही द्यावीत.

३. लोखंडी तवा मैत्रेयीलाच. “कॅनॉट लाह, आई, होल ब्लॉक स्मेल होईल,” असं ती म्हणेल, पण त्याचा इतिहास नोंदवणं भाग आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, कमिटीनं घरात सुके बोंबील भाजायला आणि तळायला बंदी घातली. लिफ्टमध्ये वास येतो म्हणे! कमिटीचा अध्यक्ष कोण? माझा सख्खा धाकटा भाऊ, मनोहर ताम्हाणे. अहो, सीकेपी घरात जन्म घेऊन बोंबीलबंदी!

आता, बंदी आली की चोरवाटा फुटतात, हे मी अमेरिकेच्या दारूबंदीवरून शिकले होते. कपोनच्या व्हिजिटिंग कार्डावर म्हणे ‘जुन्या फर्निचरचे व्यापारी’ असं छापलेलं असे. मी दारावर ‘ग्रंथालय’ अशी पाटी लावली. गँगस्टरांवरची पुस्तकं भिंतभर होतीच. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल, घरभर धूप. “पुस्तक बदलायला आलोय,” असं म्हणणाऱ्याला आत घ्यायचं आणि त्याच्या हातात भाकरी आणि याच तव्यावरचे गरम बोंबील ठेवायचे. आमच्या कॉन्डोतली मराठी माणसं इतकी वाचनवेडी आहेत, हे तेव्हाच कळलं.

एका शनिवारी मनोहर सिक्युरिटी गार्डला घेऊन आत घुसला. वरच्या मजल्यावरचे श्रीनिवास देव पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. “काय वाचताय?” मनोहरनं विचारलं. बिचाऱ्यांना तोंड उघडण्याची सोय नव्हती.

“मन्या, बस. जेवून जा,” मी म्हटलं.

“ताई, नियम म्हणजे नियम.”

मी सगळ्यांदेखत त्याला फितूर म्हटलं. तो शब्द मी आजही परत घेत नाही. “तुझ्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही,” म्हणाला, आणि खरंच टाकलं नाही. लिफ्टमध्ये मी दिसले की मेला जिन्यानं जातो. गुडघे दुखतात त्याचे, तरी.

४. कपोनचा थोरला भाऊ लहानपणीच घरातून पळाला आणि नाव बदलून नेब्रास्कात दारूबंदीचा अधिकारी झाला. इकडे धाकटा दारू विकतोय आणि तिकडे थोरला ती पकडतोय! पण उतारवयात तोच आपणहून भावांकडे गेला. आमचा मनोहर काही आला नाही. मला त्याची आठवण येते. रोज येते. या नियमवाल्याला घरात आणायचा एकच उपाय मला सुचला. मृत्युपत्रावर सही करताना दोन साक्षीदार समोर हजर लागतात, असा इथला कायदा आहे. म्हणून मनोहरला साक्षीदार नेमत आहे. कायद्याचं काम म्हटल्यावर येईल झक मारत.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असाही कायदा आहे. त्यामुळे मनोहरला काहीही मिळणार नाही. पुस्तकं खरं तर त्याच्यासाठी ठेवली होती. त्यातलं पहिलं आम्ही दोघांनी मिळून दादरच्या रद्दीवाल्याकडून आणलं होतं. पण तो एकदा माझ्यासमोर येऊन बसणार असेल, तर पुस्तकांचं काय एवढं! ती मराठी मंडळाला द्यावीत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द कोणाला घाबरून गाळलेला नाही.

सही: सुलेखा गुप्ते
स्थळ: बुओना व्हिस्टा, सिंगापूर
तारीख: ९ मार्च २०२५, रविवार

साक्षीदार पहिले: श्रीनिवास देव. सही केली आहे.

साक्षीदार दुसरे: मनोहर ताम्हाणे. सहीच्या जागी त्यांच्या हस्ताक्षरात पुढील मजकूर आहे:

“सगळं वाचलं. सही करणार नाही. ताई, साक्षीदार दुसरा बघ, मी वारस आहे. पुस्तकं मंडळाला द्यायची नाहीत. – मन्या”