गंगूच्या चौकटीची फळी

मी विठ्ठल धोंडू मेस्त्री, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम, शाळा सातवीपर्यंत, राहणार टिटवाळा पूर्व, हे मृत्युपत्र तोंडाने सांगतो आहे. शेजारच्या मंदाकिनीबाई लिहून घेत आहेत, कारण माझा हात आता ओळ धरत नाही. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कोणी मला दम दिलेला नाही, कोणी गोडही बोललेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती खोली मुलगा साईनाथ आणि मुलगी विनिता यांना निम्मी निम्मी. साईनाथ म्हणेल, लग्न होऊन कळव्याला गेलेल्या मुलीला कशाला? माझी बायको गंगुबाई गेल्या वर्षी अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं कोणी केलं, हे त्याने स्वतःला विचारावं. दोघांनी भांडू नये. भांडतील, ही भीती मला रोज खाते.

२. बँकेत जे असेल त्यातून आधी माझं क्रियाकर्म करावं. उरलं तर दोघांनी वाटून घ्यावं. नाही उरलं तर मागून मला बोल लावू नये.

३. करवती, पटाश्या, रंधे, गुण्या साईनाथला. तो विकणारच. "बाबा, आता सगळं कारखान्यातून कापून येतं, इथे नुसते स्क्रू मारायचे," असं तो म्हणतो. खरं असेल. मग मी जन्मभर काय केलं, ते मला कळेनासं झालं आहे.

४. लाकडात खाच मारायचं राउटर मशीन आणि ते काठापासून ठरल्या अंतरावर सरळ चालवणारा त्याचा साइड गाइड विनिताला. ती घरी देव्हारे बनवते, तिला उपयोग आहे. माझा धाकटा भाऊ परशुराम याने त्याला हात लावू नये. डोंबिवलीला आमचं दुकान एकत्र होतं तेव्हा त्याने न विचारता मशीन नेलं आणि गाइडच्या दोन सळयांपैकी एक वाकवून आणली. वर म्हणाला, "केसभर तर वाकलीय, दादा!" केसभरानेच चौकटीत काच बसत नाही. त्याने तेराव्याला यावं, पोटभर जेवावं, मशीनच्या खोक्याजवळ मात्र बसू नये.

त्या सळईमुळे गाइड फळीच्या काठाला सरळ टेकत नाही. म्हणून मी गाइडला लाकडाची लांब पट्टी लावली आहे आणि तिच्या एका टोकामागे सनमायकाचा कपटा घातला आहे. कचरा समजून तो काढू नये. माप लावताना आधी वायर बोर्डातून काढावी. काठाची खाच मारायची तर बिटचं, म्हणजे मशीनखाली फिरणाऱ्या कापणीच्या दांडीचं, पातं गाइडच्या उलट्या बाजूला फिरवावं आणि गाइडपासून त्याच्या बाहेरच्या धारेपर्यंत मोजावं. तेवढीच रुंद खाच पडते. दोन्ही स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजावं, आवळताना माप सरकतं. काठ आपल्या पोटाकडे ठेवून मशीन डावीकडून उजवीकडे न्यावं, म्हणजे बिट स्वतःच गाइडला काठाशी ओढून धरतं. उलटं नेलं तर मशीन पळतं. सुरुवातीला गाइडच्या पुढच्या टोकावर जोर द्यावा, शेवटी मागच्या. शेवटच्या दोन बोटं अंतरात खाच बिघडते. हे मी विनिताला इतक्यांदा सांगितलं आहे की ती कान झाकते. तरी लिहून ठेवा, बाई.

५. आमची चाळ पाडली तेव्हा खोलीच्या दाराची एक सागवानी फळी मी उचलून आणली. त्या दाराला टेकून गंगू तांदूळ निवडायची. तिच्या फोटोची चौकट याच फळीतून करायची आहे. फळी एकच. काचेची खाच चुकली की संपलं. माझे हात कापतात. गंगू जाऊन वर्ष झालं, फोटो कपाटात उभा आहे आणि त्याच्या कडा आत वळत चालल्या आहेत.

काल विनिता आली होती. मी सांगत गेलो, तिने गाइड लावला, रद्दी तुकड्यावर खाच मारली. काच टाकून पाहिली, बसली. हलली नाही.

"बाबा, आता खरी फळी घेऊ?"

"नको."

"का? ही चुकली का?"

"ती चुकली तर?"

"मग तुम्ही कधीच हो म्हणणार नाही! आईने असंच वाकत राहायचं?"

चहा न घेता गेली. गाइड मी तसाच ठेवला आहे. त्याचे स्क्रू कोणी सैल करू नयेत. फळीला काठ दोन आहेत. ~~माझ्या पश्चात~~ विनिताने एका काठाला खाच मारून, तेवढी पट्टी चिरून, गंगूची चौकट करावी.

सही करण्याआधी दुरुस्ती: कलम पाचमधले "माझ्या पश्चात" हे शब्द मी साक्षीदारांसमोर खोडायला लावले आहेत. विनिताने येत्या रविवारी यावं. मी बाहेर कट्ट्यावर बसेन, मला आत बोलावू नये. चौकट झाल्यावरही गाइडचं माप मोडू नये. दुसरा काठ माझ्या फोटोसाठी आहे.

सही: विठ्ठल धोंडू मेस्त्री (वाकडी आली आहे, माझीच आहे)

साक्षीदार: मंदाकिनी गुरुदत्त वैद्य, शेजारी, लिहून घेणार
साक्षीदार: तानाजी बाळू भोईर, शेजारी

ठिकाण: टिटवाळा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४