पुढची ओनोरीन

रुआँ, बोटीवरून
२ मे १९६१

ती. आजीस,
ओदिलचा सा. न. वि. वि.

कोळसा उतरवून झाला. पोट इतकं पुढे आलंय की केबिनच्या दारातून आधी ते बाहेर पडतं, मग मी. फेर्नां म्हणतो, तुझ्यासाठी बंदरात वेगळा धक्का मागू या.

मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवणार, ओनोरीन. आई गेल्यावर तू मला पोटाशी धरलंस, ते कसं विसरू? सासूबाई मात्र नाक मुरडतात. नदीत फेकलेल्या संतिणीचं नाव पाण्यावर राहणाऱ्या पोरीला कशाला, म्हणे.

लोभ आहेच, थोडा बाळासाठी राखून ठेव.
तुझी ओदिल

कॉन्फ्लाँ
६ मे

चि. ओदिलीस अ. उ. आशीर्वाद.

सासूबाईंना सांग, संत ओनोरीनला मारेकऱ्यांनी सेनमध्ये टाकलं, पण नदीनंच तिला काठाला आणून ठेवलं. म्हणून आपण नावाडी तिला मानतो. सुटलेले कैदीसुद्धा तिच्यापुढे बेड्या आणून ठेवायचे. नावाचा अर्थही ‘सन्मान’ असाच आहे. त्यात खोट काहीच नाही.

तरी ते ठेवू नकोस. ते माझं नाहीच. माझ्याआधी एक ओनोरीन होती, माझी थोरली बहीण, दोन वर्षांची. डेकवरून पडली, ती गेलीच. वर्षानं मी झाले, तेव्हा रीतीप्रमाणे तिचंच नाव मला दिलं. शाळेत जाईपर्यंत आईनं मला दोरीनं डेकला बांधून ठेवलं. मला हाक मारताना ती पाण्याकडे बघायची. तू आपली सरळ मारी ठेव.

नीट जेव, जिने चढू नकोस.
तुझी आजी

रुआँ
२१ मे

ती. आजीस सा. न.

परवा मुलगी झाली. तुझं ऐकलं नाही, हवं तेवढं रागाव. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा फेर्नां म्हणाला, बुडालेल्या पोरीचं कुठे ठेवतोय? जिनं शिव्या घालून माझं बंद इंजिन चालू केलं, त्या म्हातारीचं ठेवतोय! आणि तडक नगरपालिकेत गेला. सासूबाईंनी डोळे पुसले.

आजी, मी तिला हाक मारली आणि डोळ्यांपुढे तूच आलीस.

राग उतरला की लगेच लिही.
तुझी ओदिल

कॉन्फ्लाँ
२५ मे

चि. ओदिलीस अ. उ. आशीर्वाद.

रागावले, पण जेवणापर्यंतच. मग शेजारच्या ल्यूसीला पत्र वाचून दाखवलं. तिला ऐकू येत नाही, म्हणून ओरडून वाचलं, सगळ्या गल्लीला कळलं. लोकरीचे मोजे पाठवतेय. फेर्नांला म्हणावं, शिव्या अजून शिल्लक आहेत.

पोरी, सत्तरी ओलांडली, आजवर मी कुणाच्या तरी मागूनच आलेली होते. आता माझ्या मागून कुणी आलं. तुझे फार उपकार झाले.

तुम्हा तिघांवरचा लोभ वाढतोच आहे.
तुझी आजी,
ओनोरीन