रंगाखालचे बाण

आबा,

जीप बघायला खुटबावचं गिऱ्हाईक आलं तर त्याला चहा पाजा आन् वाटंला लावा. जीप मी नेलीय.

पोरीच्या हातात दिल्यापासनं गाडी पन्नासच्या वर थरथरती, असं तुम्ही डेअरीवर सगळ्यांना सांगितलंत. म्हणून तुम्ही रानात होता तवा मी शोधत बसले. मागची चाकं पुढं घातली, तरी थरथर तीच. मग इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा लांब शाफ्ट काढून ठेवला आन् फोरव्हील लावून नुसत्या पुढच्या चाकांवर न्हावऱ्याच्या रस्त्याला पळवली. गाडी एकदम गप. म्हंजी खोड त्या शाफ्टातच.

पॉलिशपेपरनं घासला तवा उलगडा झाला. दसऱ्याच्या पूजेला तुम्ही त्यालाबी काळा रंग फासलात, त्यात खुणेचे बाण झाकले. पुढं ग्रीस भरायला खोललात आन् दोन तुकडे अंदाजानं जोडलेत. बाण समोरासमोर यायला पाहिजेत, नायतर शाफ्ट फिरताना हिसके देतो. मी तसे जोडले. आता सत्तरला आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो.

आईला घेऊन दौंडला मामाकडं चाललेय. भाकरी टोपल्यात हायेत, कालवण तेवढं गरम करा.

संध्याकाळी दूध घालायला जाल तवा डेअरीपाशीच थांबा. सगळी माणसं असतानाच मी तिथं येते. चावी मागू नका, शेजारी बसा.

हर्षदा