काही घालायचं नाही, काही काढायचं नाही

६ नोव्हेंबर

वाईन अजून गढूळच! टाकीच्या नळातून ग्लासभर काढून खिडकीशी धरली — लाल मातीचं पाणी परवडलं.

प्रताप कंपनीतून आला. बूट काढता काढता म्हणाला, 'चिमूटभर सल्फाइटची पावडर घाल. नाहीतर फिल्टर तरी कर.' नाही म्हणजे नाही! परदेशातल्या या थंडीत कशीबशी पिकलेली द्राक्षं, त्यांची होईल ती वाईन. काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत आपोआप निवळली होती ना? त्या जोरावर तर रिंगास्किडीच्या औषध कंपनीतली नोकरी सोडली मी. प्रताप अजून तिथेच औषधं बनवतोय, म्हणून घर चाललंय. यंदाची बिघडली तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

आई — सासूबाई — दसऱ्यानंतर आल्यात, गेल्या वर्षीसारख्याच. ग्लासात डोकावून म्हणाल्या, 'अगं, हे असलं कोण पिणार?' मी हसले. मनातून चरकले.

८ नोव्हेंबर

गढूळ. जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर

निवळली!! काल दिवसभर कॉर्क शहरात होते. आज सकाळी नळ उघडला तर ग्लासापलीकडची माझी बोटं दिसली! शेडमध्ये एकटीच नाचले. आई दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत हसत होत्या. प्रतापला म्हटलं, बघ, धीर धरला की होतं.

१३ नोव्हेंबर

नियाल आला होता. कॉर्कमधलं त्याचं रेस्टॉरंट छोटं, पण लोक लांबून येतात. घोट घेऊन जिभेवर घोळवला. मग म्हणाला, 'ग्रँड! जिभेवरची ती कोरडी पकड — गेल्या वर्षीचीच! ही फक्त तुझ्या टेकडीची. सगळी माझी.' मेनूत 'काहीही न घातलेली' असं छापणार आहे.

१६ नोव्हेंबर

टाकीमागे झाडताना तुरटीचा खडा सापडला. झिजून सुपारीएवढा.

आईंना विचारलं. त्या अगदी सहज, 'माझाच तो. तिकडून आणलेला. पाणी नाही का निवळत आपण? तुझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून फिरवली.'

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?' हे तर नक्की. त्या रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, काहीच कळत नसल्यासारख्या.

प्रताप म्हणतो, 'तुरटीच तर आहे. कोण तपासतंय?' औषधाच्या कंपनीतला माणूस हा!

१७ नोव्हेंबर

नियालला फोन करून खरं ते सांगितलं. चिडला नाही. 'नाही घेता येणार, सॉरी. मेनू छापलाय मी.' मग म्हणाला, 'गेल्या वर्षीच्या बाटल्या उरल्यात ना? त्या दे. त्या तरी खऱ्या.'

दुपारी अख्खी टाकी शेजाऱ्याच्या गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात सोडली. वर्षभराचं काम! पाइप धरून हात गारठले. रडू आलं नाही, नुसती चीड. आईंशी बोलले नाही, त्याही खोलीतून बाहेर आल्या नाहीत.

पण एक वर्ष तरी खरं आहे माझं. तेवढ्यावर पुढची छाटणी करीन.

१९ नोव्हेंबर

नियाल बाटल्या घेऊन गेला. गाडी फाटकाबाहेर वळली, तशा आई मागे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून पहिल्यांदाच बोलल्या —

'गेल्या वर्षी फिरवली तेव्हा तर काही बोलली नाहीस.'