महाप्याच्या हॉलमधले जहाजवाले

शनि. १७ जाने.
स. नऊपासून मुंबईच्या धक्क्यावर. आम्हाला न्यायचं जहाज अजून आत येतच होतं. सगळे वेटिंग हॉलच्या काचेला नाक लावून, फोन धरून उभे. आलं ते सरळ धक्क्यावर आदळलं. पायाखालची फरशी हलली. एक जाड दोर तुटला तो गरकन फिरून काचेवर बसला. काच तडकली, बायका किंचाळल्या, कुणाचं तरी नाक फुटलं. जहाजाच्या अंगाला हे भलं मोठं भगदाड.

कुणी मेलं नाही म्हणून कळलं, आणि लगेच लोकांना आपली सुट्टी आठवली. काउंटरवर झुंबड. एकाने कॉम्प्युटर ओढून खाली आपटला. शिंदेवहिनी (आमच्याच मजल्यावरच्या, तिकिटं बरोबर काढलेली) काउंटरवाल्याला पर्सने बडवत होत्या. एरवी सोसायटीच्या हळदीकुंकवात तोंडातून शब्द फुटत नाही बाईंच्या.

आमचे हे मात्र गार. "निघंल, निघंल." पस्तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, शेवटची बारा टोळीचे मुकादम. गेल्या महिन्यात रिटायर. नीलेशने बापाला ही सफर दिली. टोळीने फेटा बांधला, स्टेटस टाकले, मुकादम निघाले जहाजानं.

संध्याकाळी बसमध्ये कोंबून आणलं. कुठं? तर महाप्याला! लग्नाच्या हॉलात गाद्या. आमचं कोपरखैरणे इथून रिक्षाने दहा मिनिटं. मी म्हटलं घरी जाऊन झोपू. तर, "लोकांस्नी काय सांगू? जहाज म्हाप्याला लागलं?"
राहिलो.

रवि. १८
उद्या सुटणार म्हणतात. काल आज म्हणत होते.
सामान धक्क्यावरच अडकलेलं, त्यामुळे सगळे कालच्याच कपड्यात. नीलेश दुपारी घरून दोन जोड देऊन गेला, ह्यांच्या मार्केटच्या पिशवीत घालून. पिशवीत तळाला ह्यांचा हुक होताच. गोणी ओढायचा लोखंडी हुक. रिटायर झाले तरी तो काही पिशवीतून निघाला नाही. दसऱ्याला त्याची पूजा होते घरात, मी पण काढला नाही.

जेवणावरून मारामारी. आधी भात संपला, मग पोळ्या, मग लोकांची अक्कल. खुर्च्या उडाल्या. एका काकांच्या कपाळाला तीन टाके. कंपनीचा एकच माणूस समोर उभा, पाटील. पंचेचाळिशीचा असेल, घणसोली गावातला. माइकवर "सहकार्य करा" म्हणतो आणि शिव्या खातो. एक जण जाऊन त्याच्या तोंडावर थुंकला. पाटलाने रुमाल काढला, पुसलं, परत म्हणाला, सहकार्य करा. मला त्याची दया आली. रागही आला. माणसाने इतकं ऐकून घेऊ नये. मी हे लिहितेय, मी!

शेवटी ह्यांनीच रांग लावली. टोळीची शिस्त, म्हातारे आधी, मग लेकुरवाळ्या, तगडे शेवटी. अर्ध्या तासात सगळे जेवले. खूश होते. मला म्हणाले, "बगितलंस?" बघितलं.

सोम. १९
हे लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दु. दोनला सामानाचा ट्रक आला. तीनशे बॅगा, सगळ्या ढीग करून ओतल्या. माणसं ढिगावर चढली, एकमेकांना खाली ओढायला लागली. एका बाईचे केस धरून दुसरीने तिला उताणं पाडलं. हे उठले. सफारीचा शर्ट काढून माझ्याकडे दिला. बनियन, डोक्याला टॉवेल, हातात हुक. बॅगा लावायला घेतल्या, बाजारात गोण्यांची थप्पी लावतात तशी. लोक मागे सरले. काम सुंदर चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागून पाटील धावत आला. तीन दिवसांचा जागा. ह्यांची पाठच बघितली त्याने. ओरडला, "ए हमाल, ती लाल बॅग आधी घे!"

त्याला काय माहीत. माथाडी माणसाला हमाल म्हणायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि हा तर तिकीट काढून आलेला पाहुणा.

हे वळले. एक पाऊल मागे घेतलं. मग हात फिरवला.
हुक डोळ्यात गेला.

आवाज आला तो लिहिणार नाही. रक्त बनियनवर, बॅगांवर. पाटील गुडघ्यावर. आणि त्याला पडलेला बघून लोकांना जोर आला. लाथा. तीन दिवसांचा सगळा राग त्या एकावर. शिंदेवहिनींची चप्पल त्याच्या पाठीत बसताना मी बघितली. पोलीस येईपर्यंत कुणी काय केलं कुणालाच सांगता येईना.

त्या गोंधळात ह्यांनी हुक पिशवीत टाकून पिशवी माझ्या हातात दिली. "घरी ने." रिक्षाने आणली. धुतला. पिठाच्या डब्यामागे ठेवला. कुणी सांगितलं होतं धुवायला? कुणी नाही. आपोआप धुतला.

मंगळ. २०
डोळा गेला. वाशीच्या दवाखान्यात आहे पाटील. शुद्धीवर आला, पण मारणारा आठवत नाही म्हणतो. हॉलचे कॅमेरे बंद. फोनच्या व्हिडिओत नुसते पाय. हुक बघितलेल्यांनी लाथाही मारल्यात, ते कशाला सांगतील.

हे सांगतात, गर्दीत धक्का लागला, हुक निसटला, आणि तेही फक्त मला न् नीलेशला. बाहेर सांगायचं तर हुक नव्हताच. नीलेश म्हणाला, "आई, तू बाथरूमला गेली होतीस. एवढंच सांग. टेन्शन घेऊ नको."

पण ते पाऊल? धक्का लागलेला माणूस पुढे जातो. हे मागे गेले. ते पाऊल मला पाठ आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मीठ जास्त झालं म्हणून. तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दर वेळी आधी एक पाऊल मागे, हात नीट बसावा म्हणून. माहेरी सांगितलं नळावर घसरले. डॉक्टरला सांगितलं कपाटाचं दार लागलं. मी इतकं छान खोटं बोलते की डॉक्टर दाराला तेल घाला म्हणाले.

बुध. २१
सकाळी ह्यांनी चहा करून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढला की काय होतं ते मला माहीत आहे. चहाचं माहीत नाही. घोट घोट घेतला, बघत बसले होते समोर.

मग म्हणाले, "पस्तीस वर्सं मान खाली घालून वझी वाहिली. म्हातारपणी एक दिवस पाव्हणा झालो. त्यानं हमाल केलं." डोळ्यात पाणी होतं. खरं होतं ते पाणी. त्याचंच वाईट वाटतं.

दु. पाटलाची बायको आली. पत्ता शिंदेवहिनींनी दिला. आत येईना, दारातच उभी. हे गॅलरीत.
"बाय, तुमी जवल उभ्या होत्या, सगली सांगतान. कोनाचा हात होता ता सांगा. डोला गेला, आता मानूस तरी कलू दे."
मी म्हटलं, गर्दी होती हो फार.
ती म्हणाली, "गर्दीला हात नसतं, बाय."
पाणी दिलं, तेही घेतलं नाही. गेली. हे आत आले, टीव्ही लावला. मी भाजी चिरताना बोट कापून घेतलं. मुद्दाम नाही. की मुद्दाम, देव जाणे.

गुरु. २२
कंपनीचा मेसेज. जहाज दुरुस्त, उद्या सं. पाचला सुटणार. झालं गेलं विसरून यावे.
सोसायटीचा ग्रुप दणाणून गेला. शिंदेवहिनींनी नाचणारं चित्र टाकलं. ज्या चपलेने मारलं तीच घालून येणार बहुतेक.

पोलिसांचाही फोन. उद्या अकराला जबाबाला या. ह्यांनी हिशेब मांडला: जबाब, जेवण, टॅक्सी, जहाज. माझी बॅग स्वतः भरली. साड्या चुकीच्या घेतल्या. मी म्हटलं, मी नाही सांगितलं तर काय, आणि सांगितलं तर काय? हे थांबले. उठले. एक पाऊल मागे घेतलं.

आणि तसेच उभे राहिले. हात खालीच. ते पाऊल मला दिसलं हे त्यांना कळलं, तेही मला दिसलं. बॅगेची चेन लावली त्यांनी.

शुक्र. २३
पोलीस ठाण्यावर. जबाब घेणाऱ्या मॅडमना मध्येच फोन आला म्हणून बाहेर गेल्यात. तेवढ्यात लिहिते.
ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलंय, पायाशी दोन्ही बॅगा. दार उघडंच आहे, इकडेच बघतात. घड्याळाकडे बघतात, परत इकडे.

मॅडम चांगल्या आहेत, पोरगीच म्हणायची, नीलेशच्या वयाची. नाव, वय, पत्ता झाला. मग विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात? नीलेशने शिकवलेलं अगदी जिभेवर होतं. एकतीस वर्षांची सवय.

मी म्हटलं, "ह्यांच्या डाव्या बाजूला. चार हातांवर."

त्यांनी लिहून घेतलं. लिहिताना वर न बघता म्हणाल्या, "हां. पुढं?"

आल्या वाटतं.