तुमच्या टिचकीसाठी फोनो प्रीअँप

आबा, तुमच्यामुळे माझं डोकं फिरलंय, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची ती गाण्याची तबकडी तुमच्याइतकीच हट्टी आहे. आईचा डावा कान गेला. उजवाही चाललाय, आणि यंत्र लावलं तरी गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताच आईने एकच धोशा लावला, "ऐकू येतंय तवर त्यांचं हळदीचं गाणं एकदा लाव." मोबाईलवर शोधलं, कुठेच नाही. ती तबकडी काढणारी कंपनीच कधीची बंद पडली. उरल्या त्या तुमच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यातल्या तबकड्या, माळ्यावर गोणपाटात भाकरीसारख्या एकावर एक रचलेल्या. गोणपाटात, आबा!

मग मी रेकॉर्ड प्लेअर आणला आणि मला वाटलं, झालं काम. पण आजकालच्या सुईतून येणारा आवाज इतका बारीक, की सरळ अँप्लिफायरला जोडला तर डास गुणगुणल्यासारखा ऐकू येतो. मध्ये फोनो प्रीअँप नावाची एक डबी लागते. ती आवाज वाढवते आणि तबकडी बनवताना दाबलेला खर्ज पुन्हा भरून काढते. तुमचं बरं होतं. सुई जाडजूड, वायर थेट अँप्लिफायरमध्ये, कर्णा चिंचेवर, आणि आपल्या इंदुरी गावातलं गाणं नदीपलीकडे ऐकू जायचं. सुई झिजली, बदला, असं कुणी म्हटलं की तुमचं ठरलेलं, "चालतंय की!"

मला मात्र चालेना. पहिली डबी ऑनलाइन मागवली, तर तिच्यातून गाण्यापेक्षा घरघरच जास्त. पुण्यातला दुकानदार म्हणाला, "मॅडम, व्हॉल्व्हवाला घ्या, जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा, आवाजाला ऊब येते." इथे लोणावळ्यात पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, ऊब मला हवीच होती, पण ती आवाजाला कशाला? तरी ऐकून बघायला आणला. आई म्हणाली, "घोंगडीत तोंड घालून गातीया का ही?" इंटरनेटवरच्या जाणकारांचं तर विचारूच नका. एकाला गाण्यात 'हवा' ऐकू येते, दुसऱ्याला 'काळी शांतता'. मी शाळेत विज्ञान शिकवते, शांततेचा रंग मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. शेवटी सगळ्यांना हात जोडले आणि साधा विचार केला. आपली सुई आवाज देते किती, तो वाढवायचा किती, अर्थिंगची वायर बसवायला स्क्रू आहे का, आणि गाण्यामागची घरघर बंद होते का. त्यात बसणारा एक बिनझगमगाटाचा प्रीअँप घेतला. सुईचा भार काट्यावर मोजून लावला, तबकडी धुतली.

रविवारी दुपारी आईला खुर्चीत बसवलं, उजवा कान स्पीकरकडे करून. सुई ठेवली. आबा, काय सांगू! ढोलकीवरचं एकेक बोट वेगळं ऐकू येत होतं. आई मांडीवर ठेका धरून गायला लागली. मला भरूनच आलं. दुसरं कडवं आलं आणि ती थबकली, तोंड वाकडं केलं.

"ही वळ मदी कुनी घातली?"

"कुणी घातली नाही आई, ओळ तबकडीतच आहे."

"मला शिकवू नगं. लय हळदी ऐकल्यात मी. ह्ये ते गाणं न्हाई."

मला आठवायला वेळ लागला. तिथे तबकडीवर ओरखडा आहे. तुमची सुई तिथे अडकून एकच शब्द घोकत बसायची, म्हणून प्रत्येक हळदीत तुम्ही आधीच बोट रोखून उभे राहायचात आणि सुईला टिचकी मारायचात. सुई एक ओळ ओलांडून पुढे जायची. इंदुरीपासून आंबीपर्यंत ती ओळ कुणी कधी ऐकलीच नाही. बायका आजही हळदीला ती गाळूनच गातात, आणि मीही त्यांच्यात गाते. आणि इतकं डोकं खपवून मी असा संच जुळवला, की सुई ओरखड्यावरून न अडकता गेली!

"टिचकी मार की," आई म्हणाली. "त्ये मारायचे तशी."

"आई, सुई तुटेल. दुकानदाराने हातसुद्धा लावू नका म्हणून बजावलंय."

"मंग बंद कर. मला त्यांचं ऐकायचंय, तुझ्या डबीचं न्हाई."

एवढा संताप आला, की वाटलं, तुटू दे एकदाची. सुई मागे घेतली, ती जागा येताच टिचकी मारली. इतक्या स्वच्छ यंत्रातून ती ढप्पकन आली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. आईने डोळे मिटले. "हां," म्हणाली, "हितं हायेत त्ये." आणि पुढची ओळ तिने बरोबर उचलली.

गाळलेली ओळ मी नंतर एकटीने ऐकली. त्यात नवरीचा बाप म्हणतो, पोरी, तिकडून मला हाक मारत जा. माझ्या हळदीतसुद्धा ही तुम्ही बोटाने उडवलीत, आबा. याचा राग कुणावर काढायचा? हे पत्र काही कुठे धाडायचं नाही, तबकडीच्या कव्हरात ठेवून देते. ओळ चांगली आहे. पण खरं सांगते, ती ऐकताना माझंही बोट टिचकी मारायला पुढे झालं होतं.